रस्ता खणून पाहणारे आणि फॉर्म भरून घेणारे

प्रश्न असा आला आहे: पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी बचत गटातल्या बायकांचा घरखर्च आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास यांचा संबंध तपासते आहे. मार्गदर्शकांनी सांगितलं, "इंडोनेशियात या विषयावर पुष्कळ काम झालंय, ते बघा." तिने शोधलं तर शेकडो लेख हाती आले. बहुतेक फुकट मिळणारे, आठ-दहा पानांचे, आणि निष्कर्ष जवळपास एकच: 'सकारात्मक आणि सार्थ (म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडता न येणारा) परिणाम आढळला'. आता यातलं घ्यायचं काय आणि सोडायचं काय?

घरोघर फिरून पाहण्या करण्यात आणि दुसऱ्यांच्या पाहण्या तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या सवयीने सांगतो. इंडोनेशियात 'लोककल्याण', 'कौटुंबिक अर्थकारण', 'विद्यार्थ्यांचं शिक्षण' या नावांखाली दोन निराळ्या जातींचं संशोधन चालतं. एकात माणसांना फॉर्म देऊन 'तुम्हाला काय वाटतं' हे विचारतात. दुसऱ्यात प्रत्यक्ष मोजतात. तुमच्या हाती आलेला ढीग बहुतेक पहिल्या जातीचा आहे. दुसऱ्या जातीचं काम संख्येने कमी, पण जगात नाव असलेलं, आणि तुमच्या विषयाला थेट भिडणारं.

आधी ढीग का झाला ते समजून घ्या, म्हणजे राग येणार नाही. तिथे प्राध्यापकाच्या कामाची तीन अंगं ठरलेली आहेत: शिकवणं, संशोधन आणि समाजसेवा. या त्रयीला ते 'त्रि धर्म' म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचाच. पदवीचे विद्यार्थी महिना-दोन महिने गावात जाऊन राहतात, काम करतात. आपल्या एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिराचा हा थोरला भाऊ समजा. या मुक्कामातून अहवाल निघतो, अहवालाचा लेख होतो. त्यात २०१२च्या जानेवारीत उच्च शिक्षण खात्याने पत्रक काढलं की पदवी हवी असेल तर लेख छापून आलेला पाहिजे. पुढे २०१७मध्ये 'सिंता' ही क्रमवारी आली, नियतकालिकांना एक ते सहा असे दर्जे मिळाले आणि बढतीचं गणित त्या आकड्यांना जोडलं गेलं. मग जे व्हायचं तेच झालं. यूजीसीच्या गुणांसाठी आणि मान्य नियतकालिकांच्या 'केअर' यादीसाठी आपल्याकडे काय काय छापलं गेलं हे ज्याने पाहिलंय, त्याने जकार्ताकडे बोट दाखवू नये.

या लेखांची ठेवण पाठ होण्यासारखी आहे. शीर्षक 'अमुकचा तमुकवर परिणाम' असं. एक तालुका किंवा एक शाळा, शंभर-दीडशे उत्तरदाते, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी पाच खणांची प्रश्नावली, आणि शेवटी स्मार्टपीएलएस या सॉफ्टवेअरमधून काढलेली बाणांची आकृती. नमुना किती घ्यायचा हे 'स्लोविनच्या सूत्रा'ने ठरवलेलं असतं: एकूण लोकसंख्येला, एक अधिक लोकसंख्या गुणिले चुकीच्या मर्यादेचा वर्ग, याने भागायचं. मर्यादा ५ टक्के धरली तर हजार माणसांसाठी २८६ आणि दहा हजारांसाठी ३८५ असा आकडा येतो. इंडोनेशियात आणि फिलिपीन्समध्ये हे सूत्र मनाच्या श्लोकांसारखं म्हटलं जातं. गंमत अशी की हा स्लोविन नेमका कोण, याचा समाधानकारक पत्ता लागत नाही. पण खरी अडचण स्लोविनची नाही. हे सूत्र चालतं ते टक्केवारी काढायची असेल आणि माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तेव्हा. बाजारात जी भेटली ती शंभर माणसं धरून कारण-परिणाम सांगायचा असेल, तर सूत्राचा उपयोग फक्त पान भरण्यापुरता.

दुसरी खोट याहून मोठी आहे. 'माझ्या गावचा कारभार पारदर्शक आहे' आणि 'गावाच्या विकासामुळे माझं जीवन सुधारलं' ही दोन्ही विधानं एकाच माणसाला, एकाच बैठकीत, एकाच कागदावर विचारली तर त्यांची उत्तरं एकमेकांना जुळणारच. सरपंच आवडत असेल तर दोन्हीकडे पाच, नसेल तर दोन्हीकडे दोन. आकृतीतला बाण त्यामुळे जाड होतो. त्यावरून कारभार सुधारल्याने जीवन सुधारलं असं म्हणता येत नाही.

आता याच देशातलं, याच विषयावरचं दुसरं टोक बघा. बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने जावा बेटावरची ६०८ गावं घेतली. सरकारी योजनेतून तिथे रस्ते होणार होते. काही गावांना चिठ्ठी टाकून आधीच कळवलं की तुमच्या रस्त्याचं सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार. एरवी ती शक्यता ४ टक्के असायची. काम झाल्यावर अभियंत्यांनी रस्ते खणून नमुने काढले, खडी-वाळू किती पडली ते मोजलं, स्थानिक भाव काढले, मजुरांकडून मजुरी विचारून घेतली आणि हे सगळं गावाने दाखवलेल्या खर्चासमोर मांडलं. नक्की तपासणी होणार हे कळलेल्या गावांत गायब रक्कम ८ टक्के-अंकांनी कमी निघाली. गावसभेला जास्त लोक बोलावण्याचा उपायही तपासला होता. त्याने सरासरीत फारसा फरक पडला नाही. मजुरीतली चोरी थोडी घटली, मालातली तशीच राहिली. माझी मजुरी बुडाली तर मला कळतं, खडीचा ट्रक कमी आला तर कुणाला कळणार? आणि तपासणीच्या गावांत एक आडवाट निघाली: पैसे खाता येईनात तेव्हा पुढाऱ्यांच्या नात्यातल्या माणसांना कामावर घेण्याचं प्रमाण वाढलं. आपल्या रोजगार हमीच्या कामांवर ज्यांनी हजेरीपट पाहिलेत त्यांना हे वाचून हसू येईल.

याच अभ्यासाचा एक उपफाटा तुम्ही जरूर वाचा. गावकऱ्यांना 'या रस्त्यात पैसे खाल्ले गेले का' असं विचारलं होतं, आणि ती उत्तरं खणून काढलेल्या आकड्यांशी ताडून पाहिली. लोकांना अगदीच काही कळत नव्हतं असं नाही, पण संबंध फार क्षीण निघाला. भाव फुगवले तर लोक ओळखत होते. माल जास्त दाखवला तर नाही. आणि चोरी मुख्यत्वे मालातच होत होती. पाच खणांच्या प्रश्नावलीवर उभ्या असलेल्या लेखांना किती वजन द्यायचं, याचं उत्तर मला यात मिळालं.

इथे कुणी म्हणेल की मग लोकांना विचारूच नये. तसं नाही. विवी अलातास, अभिजीत बॅनर्जी, रेमा हॅना, ओल्केन आणि ज्युलिया टोबायस यांनी उत्तर सुमात्रा, दक्षिण सुलावेसी आणि मध्य जावा या तीन प्रांतांतल्या ६४० गावांत एक प्रयोग केला. गरीब कोण, हे ठरवायचं कसं? काही गावांत घर, जमीन, मोटारसायकल वगैरे बघून सूत्राने. काही गावांत लोकांनी सभेत बसून कुटुंबांची गरीब ते श्रीमंत अशी क्रमवारी लावून. काही गावांत दोन्ही मिसळून. दरडोई खर्चाच्या कसोटीवर सूत्र थोडं सरस ठरलं. पण गावाने लावलेली यादी लोकांना जास्त पटली, तक्रारी कमी आल्या. आणि तपासल्यावर कळलं की गाव चुकत नव्हतं. गावाची गरिबीची व्याख्याच वेगळी होती. त्यात विधवा बाई, कमावण्याची कुवत, अडीअडचणीला धावणारे नातेवाईक आहेत की नाहीत, हे सगळं धरलं जात होतं. दरडोई खर्चाच्या आकड्यात ते कुठून येणार? म्हणजे मत हीच जिथे मोजायची गोष्ट असते, तिथे विचारणं हेच मोजणं. दारिद्र्यरेषेच्या यादीवरून आपल्या ग्रामसभांत जी भांडणं होतात, त्यांत अर्धा भाग या व्याख्येच्या तफावतीचा असतो असं माझं मत आहे.

जाता जाता एक सावधगिरी. २०१४चा गाव कायदा आणि २०१५पासून गावांना थेट मिळू लागलेला 'दाना देसा', म्हणजे गावनिधी, यांवर लेखांचा पूर आहे. मध्य जावातल्या क्लातेन जिल्ह्यातलं पोंगोक हे गाव त्यात सारखं भेटतं. तिथे गावाच्या कंपनीने झऱ्याच्या तळ्याचं पर्यटनस्थळ केलं, लोक पाण्याखाली मोटारसायकलवर बसून फोटो काढतात, गावाला चांगलं उत्पन्न मिळतं. गोष्ट खरी आणि कौतुकाची. पण पंच्याहत्तर हजारांच्या आसपास गावांतून पुनःपुन्हा हेच एक निवडलं तर निधीचा परिणाम कळत नाही. आपल्याकडे हिवरे बाजारवर किती प्रबंध झाले असतील मोजा, आणि त्याच्या चार गावं पलीकडे काय झालं यावर किती झाले तेही मोजा.

आता घरखर्चाकडे वळू, कारण तुमचा मुख्य विषय तो आहे. इंडोनेशियात 'अरिसान' नावाचा प्रकार घरोघर आहे. ठरावीक बायका ठरावीक दिवशी जमतात, प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची, चिठ्ठी निघेल तिने सगळी उचलायची, पुढच्या वेळी दुसरीने. थोडक्यात, भिशी. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९६२ साली जावातली अरिसान आणि इतर देशांतले असेच प्रकार एकत्र मांडून म्हटलं होतं की शेतकरी समाज व्यापारी व्यवहाराकडे सरकताना ही मधली पायरी असते. साठ वर्षं उलटून गेली, तिथे बँका आल्या, मोबाइलवरचे पैसे आले, अरिसान काही गेली नाही. मधली पायरी हीच लोकांना ओसरी वाटली असावी. तुमच्या बचत गटातल्या बायका भिशीही लावत असणारच. ती प्रश्नावलीत नसेल तर तुमचा बचतीचा आकडा लंगडा. मी स्वतः हे ठेचकाळून शिकलो: एका पाहणीत 'बचत नाही' अशी नोंद झालेल्या घरात चहा पिताना बाई सहज म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात माझी भिशी लागतीय." आम्ही त्यांना बँक, पोस्ट, गट एवढंच विचारलं होतं.

'आर्थिक साक्षरतेमुळे कुटुंबाचं कल्याण वाढतं' हे तुमच्या ढिगातलं सर्वांत लाडकं वाक्य असेल. तिथल्या वित्तीय नियामकाच्या राष्ट्रीय पाहणीत साक्षरतेचा निर्देशांक २०१९मध्ये ३८.०३ टक्के होता, २०२२मध्ये ४९.६८ झाला, वित्तीय सेवा वापरणाऱ्यांचं प्रमाण त्याच काळात ७६.१९ वरून ८५.१० वर गेलं. म्हणजे माणसं आधी खातं उघडतात आणि समज मागाहून येते, किंवा येत नाही. शॉन कोल, थॉमस सॅम्पसन आणि बिलाल झिया यांनी इंडोनेशियात बँकखातं नसलेल्या कुटुंबांवर प्रयोग केला: काहींना खात्याविषयी प्रशिक्षण, काहींना खातं उघडल्यास सुमारे ३ ते १४ डॉलरचं बक्षीस. प्रशिक्षणाचा सरसकट परिणाम झाला नाही. ज्यांचं शिक्षण आणि समज मुळात कमी होती त्यांच्यात थोडा दिसला. बक्षिसाने मात्र खाती धडाधड उघडली. ज्याला माहिती जास्त त्याचं खातंही असतं, ही गोष्ट खरीच. पण दोन्हीमागे पगार आणि शिक्षण उभं असतं.

घरातला पैसा आणि मुलांची शाळा यांची गाठ बघायची असेल तर 'इंडोनेशिया फॅमिली लाइफ सर्व्हे'ला पर्याय नाही. १९९३मध्ये रँड या अमेरिकी संस्थेने इंडोनेशिया विद्यापीठाच्या लोकसंख्या संस्थेबरोबर हा सुरू केला. तेव्हाच्या २७पैकी १३ प्रांत, देशाच्या सुमारे ८३ टक्के लोकसंख्येचं प्रतिनिधित्व, ७,२२४ कुटुंबं. त्याच कुटुंबांकडे १९९७, २०००, २००७ आणि २०१४ला पुन्हा गेले. घर बदललं, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तरी माग काढून गाठलं. मूळ कुटुंबांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पुन्हा सापडत राहिली. वर्षभराने त्याच वस्तीत जाऊन अर्धी घरं कुलूपबंद मिळणाऱ्या आमच्यासारख्यांना या आकड्यापुढे टोपी काढावी लागते. पुढच्या फेऱ्यांत योग्यकर्ताची सर्व्हेमीटर ही संस्था यात मोठी भागीदार होती.

१९९७ची फेरी संपते न संपते तोच आशियाई आर्थिक संकट कोसळलं. डॉलरला अडीच हजाराच्या आत असलेला तिथला रुपिया १९९८मध्ये पंधरा हजारांच्या आसपास घसरला. पाहणीवाल्यांनी लगेच त्याच वर्षी चौथाई नमुना पुन्हा गाठला, आणि संकट येण्याआधीचं व नंतरचं घर शेजारी-शेजारी ठेवता आलं. डंकन थॉमस, एलिझाबेथ फ्रँकेनबर्ग, बोंदान सिकोकी आदींच्या विश्लेषणात दिसतं की शिक्षणावरचा खर्च सर्वांत गरीब घरांत सर्वांत जास्त कापला गेला, आणि तोही सारखा नाही. मोठी मुलं असलेल्या घरांनी तो वाचवण्याची धडपड केली, लहान मुलं जास्त असलेल्या घरांत कात्री जोरात लागली. मोठा शेवटच्या वर्षांत आहे, त्याचं होऊ दे, धाकट्याचं बघू. आणि घर तरलं कशावर? ग्रामीण भागात बऱ्याच अंशी सोन्यावर. सोन्याचा भाव डॉलरशी बांधलेला, त्यामुळे रुपिया पडला तसं सोनं चढलं, आणि ज्यांच्या घरी होतं त्यांनी ते मोडून चुलीचा खर्च टिकवला. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तुमच्या प्रश्नावलीत 'दागिना मोडला किंवा गहाण ठेवला का, आणि कशासाठी' हा प्रश्न नसेल तर आजच घाला.

आता शिक्षण. तेलाच्या पैशातून १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात तिथे राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या. जिथे पट कमी तिथे जास्त शाळा. एस्थर डफ्लो यांनी २००१मध्ये याचा हिशेब मांडला: दर हजार मुलांमागे एक नवी शाळा म्हणजे सरासरी ०.१२ ते ०.१९ वर्षं जास्त शिक्षण, आणि पुढे मजुरीत १.५ ते २.७ टक्के वाढ. बरेच जण इथेच थांबतात. नंतरच्या एका अभ्यासाने याच शाळांकडे मुलींच्या अंगाने पाहिलं, तर मुलींचं शिक्षण वाढलं ते ज्या समाजांत देज, म्हणजे मुलीच्या बापाने वराकडून पैसे घेण्याची चाल आहे तिथेच. शिकलेल्या मुलीला देज जास्त, म्हणून बापाला शाळेत घालणं परवडत होतं. घरखर्च आणि शिक्षण यांची सांगड कुठे कुठे लपलेली असते बघा.

पण शाळेत जाणं आणि शिकणं यांत फरक आहे, आणि तो इंडोनेशियाइतका लख्ख क्वचितच कुठे मोजला गेलाय. २००५च्या शिक्षक कायद्याने प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचा मूळ पगार जवळपास दुप्पट केला. योप दे रे, कार्तिक मुरलीधरन, मेन्नो प्रधान आणि हॅल्सी रॉजर्स यांनी ३६० शाळा घेऊन, त्यांतल्या चिठ्ठीने निवडलेल्या १२० शाळांत पात्र शिक्षकांना हा लाभ लवकर मिळेल अशी व्यवस्था करवली. दोन-तीन वर्षांनी शिक्षक जास्त समाधानी, पैशाची ओढाताण कमी, जोडधंदा करणारेही कमी. मुलांचे गुण मात्र होते तिथेच. या शाळांत कुणी 'शिक्षकांचं समाधान आणि अध्यापनाची गुणवत्ता' अशी पाच खणांची प्रश्नावली फक्त शिक्षकांकडून भरून घेतली असती तर काय निष्कर्ष निघाला असता, हे सांगायला नकोच. माझे बरेच मित्र शिक्षक आहेत, तेव्हा स्पष्ट करतो: पगार वाढवू नये असा याचा अर्थ नाही. पगारवाढ झाली की शिकणं आपोआप सुधारेल, एवढंच इथे खोटं ठरलं.

फॅमिली लाइफ सर्व्हेतल्या गणिताच्या प्रश्नांवरून आणखी एक अप्रिय गोष्ट समोर आली. २००० आणि २०१४ या दोन्ही फेऱ्यांत बेरीज-वजाबाकी, अपूर्णांक असे सारखेच प्रश्न मुलांना दिलेले होते. जकार्तातल्या स्मेरू संस्थेशी जोडलेल्या अभ्यासकांनी तुलना केली: शाळेत टिकणारी मुलं वाढली होती, पण त्याच इयत्तेतल्या मुलाला आधीपेक्षा कमी येत होतं. पंधरा वर्षांच्या मुलांच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२मध्येही देशाचे गुण बरेच खाली होते: गणितात ३६६ आणि वाचनात ३५९.

यापुढे तुमच्या ढिगातले 'वर्गातला कृतिसंशोधन' प्रकारचे लेख ठेवा: पहिल्या चक्रात ५५ टक्के मुलं पास, दुसऱ्या चक्रात ८५ टक्के. ते फेकू नका, फक्त आकडे सोडून द्या. चाचणी शिक्षकाचीच, वर्ग त्याचाच, तुलनेला दुसरा वर्ग नाही. पण त्यात शिक्षकाने नेमकं काय केलं, गट कसे पाडले, कुठे फसलं, हे तपशील असतात आणि ते मोठ्या अभ्यासांत कधीच नसतात. तसंच गावातल्या सेवाकार्यावरच्या लेखांचं. कुटुंबाचा हिशेब चिकटवहीत कसा लिहून घेतला, बायका दुपारी किती वाजता मोकळ्या सापडतात, असली माहिती मी तिथूनच उचलतो.

वेळेचंही भान ठेवा. गरीब कुटुंबांना अटींसह रोख मदत देणारी तिथली 'केलुआर्गा हारापान' योजना २००७ला सुरू झाली. ('केलुआर्गा' म्हणजे कुटुंब, कुल आणि वर्ग मिळून झालेला शब्द.) तीही चिठ्ठीने निवडलेल्या तालुक्यांत. दोन वर्षांनी तपासलं तेव्हा दवाखान्याच्या फेऱ्या वाढलेल्या दिसल्या, शाळेच्या बाबतीत हाती फारसं काही नाही. सहा वर्षांनी तपासलं तर खुरटलेल्या मुलांचं प्रमाण सुमारे पाव हिश्शाने घटलेलं, आणि ७ ते १५ वयातली शाळाबाह्य मुलं जवळपास निम्म्यावर. तुमच्या हातात प्रबंधाची तीन वर्षं आहेत, तेव्हा 'परिणाम आढळला नाही' असं आलं तर घाबरू नका, आणि मार्गदर्शकांना हा दाखला द्या.

कामाचं बोलायचं तर: ढिगातून पंधरा लेख निवडा, ज्यांत कल्याण, पैसा किंवा शिकणं यांपैकी निदान एक गोष्ट उत्तरदात्याच्या मताबाहेर मोजली आहे. पंधरा मिळणार नाहीत. पाच मिळाले तरी पुरे. फॅमिली लाइफ सर्व्हेची आकडेवारी आणि प्रश्नावल्या नाव नोंदवून फुकट मिळतात. त्यात कुटुंबाचा खर्च, मालमत्ता, मुलांची शाळा आणि अरिसानमधला सहभाग असे वेगवेगळे विभाग आहेत. ते जसेच्या तसे मराठीत आणू नका. 'अरिसान'च्या जागी भिशी घाला, पण त्याआधी तुमच्या भागात तिला भिशीच म्हणतात की आणखी काही, हे दहा घरांत जाऊन विचारा. आणि हे दहा घरांचं काम सासूबाई समोर बसलेल्या असताना एकदा व नसताना एकदा करून बघा. बचतीचा आकडा दोन्ही वेळा सारखा आला तर मला जरूर कळवा, मला अजून असं घर भेटलेलं नाही.